ह्यांचे पाय आणि मी

अक्षदा पडल्या, बँड वाजला, आणि कन्यादानाला बसायच्या वक्ताला ह्यांचं तोंड विस्तवासारखं लाल झालं. फेट्याखालून घामाच्या धारा लागल्या. "डोकं फुटतंय," एवढंच बोलले, आणि दोन्ही पाय काठीसारखे ताठ होऊन पुढं उडाले. समोर नवरदेवाचे पाय धुवायला तांब्याची परात ठेवली होती. तिला अशी लाथ बसली की सगळं पाणी भटजींच्या धोतरावर गेलं आणि परात वाजत वाजत बायकांच्या घोळक्यात जाऊन पडली.

मग मांडवात जे होतं तेच झालं. कुणी म्हणे ॲटॅक आला, कुणी म्हणे फिट आली, कांदा हुंगवा. एक बाई दृष्ट काढायला मीठ शोधायला लागली. माझा धाकटा दीर कचरू, फार मायाळू माणूस, त्यानं मागून ह्यांच्या काखेत हात घातले आणि चाकाच्या खुर्चीतून उचलून खाली गादीवर आडवं करायला लागला. बाकीचे म्हणत होते, व्हय व्हय, झोपवा, पाय वर करा.

माझ्या हातात तांब्या होता. तो मी कचरूच्या मनगटावर हाणला.

"ह्यांना आडवं केलं तर मरतील," मी म्हणाले. "सरका."

समोर माझी लेक मनी मुंडावळ्या बांधून, हार घालून उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी तिच्याकडं एकदाच बघितलं आणि परत बघितलं नाही, कारण काम समोर होतं.

ते काय काम होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून मांडव जरा तिथंच राहू द्या.

ह्या अंकासाठी मला माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलं. मी म्हणाले, मी चौथी शिकलेली बाई, मी कुठं कामाला गेले? मनी म्हणाली, आई, तू बाबांचं करतेस ते काय आहे मग? बरोबर आहे. नोकरदाराला रविवार असतो, रिटायर होता येतं. मला दोन्ही नाही. पण काम आहे, आणि ते मला चांगलं येतं.

आम्ही पडेगावला राहतो, दौलताबादच्या रस्त्याला. हे चितेगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं शेडवर पत्रे बसवायचे. एक दिवस जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला आणि हे खाली पाठीवर पडले. मनी तेव्हा आठवीत होती. छातीच्या मागं मणक्यातली शीर तुटली. हात शाबूत राहिले, बोलणं शाबूत राहिलं, डोकं तर जरा जास्तच शाबूत राहिलं. छातीच्या खाली मात्र काही कळत नाही. चिमटा काढा, सुई टोचा, ह्यांना पत्ता नसतो. डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं ते मला अर्धंच कळलं. ह्यांनी सोपं करून सांगितलं: "मीटर चालू हाय, घरातले दिवे बी हायेत. मधली वायर तुटली."

सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय लोळागोळा होते. उचलून ठेवावे तसे राहायचे. आणि एक दिवस अंघोळ घालताना उजवा पाय टणकन उडाला. मग डावा. मग दोन्ही.

घरात दिवाळी झाली. कचरूनं गल्लीभर पेढे वाटले. माझ्या सासूनं खुलताबादच्या दर्ग्यात चादर बोलली होती, ती त्याच आठवड्यात जाऊन चढवून आली. शेजारच्या बाईनं ह्यांच्या पायांना हळदकुंकू लावलं. हे स्वतः गादीवर बसून पायाकडं असे बघत होते, जसं काही पाळण्यात पोरगं आहे.

दवाखान्यातून फरीन नावाची मुलगी आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवायला यायची. ती आली, तिच्या हातात पेढा ठेवला. तिनं तो शांतपणे खाल्ला. पाणी प्याली. मग मला म्हणाली, "काकी, ये पाय चलनेका नहीं है. ये झटका है. अब ये रोज आयेंगे."

पेढा आधी खाल्ला हे तिनं बरं केलं. नाहीतर कचरूचं तोंड बघून तिला सांगवलंच नसतं. ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मग भिंतीकडूनच आवाज आला, "वाटलेले पेढे माघारी मागू नका म्हणजे झालं."

फरीननं जे समजावलं ते असं. पाय मेलेले नसतात. त्यांचा डोक्याशी संबंध तुटलेला असतो. म्हणून ते डोक्याचं ऐकत नाहीत, आपल्या मनानं वागतात. थंड हवा लागली, कुशीवर वळवलं, कुणी हात लावला, की उडतात. कधी ताठ होतात, कधी थरथरतात, कधी गुडघे पोटाशी येतात आणि सरळच होत नाहीत. त्यासाठी गोळी असते. ती अचानक बंद करायची नसते. गोळीनं झटके कमी होतात, जात नाहीत.

पण त्यातली खरी गोष्ट मला फरीननं नंतर सांगितली आणि तिच्यावरच माझं सगळं काम चालतं. ती म्हणाली, रोजचे झटके रोजचेच, त्यांना घाबरायचं नाही. पण एखाद्या दिवशी जास्त यायला लागले, तर समजायचं की खाली कुठंतरी काहीतरी दुखतंय. ह्यांना दुखत नाही, पण अंगाला दुखतं. सांगायला तोंड नाही म्हणून पाय लाथा मारतो.

तान्ह्या लेकराचं असंच असतं. रडलं की आई बघते, भूक आहे का, ओलं आहे का, मुंगी चावली का. मी मनीला वाढवलं तसं ह्यांच्या पायांना वाढवलं. फरक एवढाच की मनी मोठी झाली.

एकदा दिवसभर डावा पाय थरथरत होता. चादरीची सुरकुती बघितली, नाही. नळी बघितली, ठीक. पाठीला आरसा लावून बघितला, जखम नाही. शेवटी बूट काढला. अंगठ्याचं नख कडेनं मांसात शिरलं होतं, बोट टोमॅटोसारखं सुजलं होतं. नख काढून आणलं आणि पाय निजला. हे म्हणाले, मला उगीच वाटलं की त्याला लई राग आलाय. दुसऱ्या एका वेळी नुसता हरभऱ्याचा दाणा निघाला मांडीखाली. खाताना ह्यांच्याच हातून पडलेला.

सासूचं मात्र वाईट झालं. हिवाळ्यात पाय थरथरताना बघून तिला वाटलं, लेकाला थंडी वाजतेय. तिनं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पोटरीला लावली. तिच्या स्वतःच्या गुडघ्याला त्यानं फार बरं वाटायचं. पाय लाथा मारायला लागला तसा तिनं तो अजून दाबून धरला. मी बाजारातून आले तोवर कातडी सोलून आली होती. ती जखम भरायला उन्हाळा उजाडला. म्हातारी मरेपर्यंत त्या पायाला हात लावायची नाही. मी तिला बोलले नाही. बोलून कातडी येत नसते.

आता कामाची रीत सांगते. लघवी, संडास हे शब्द वाचून ज्यांना कसंतरी होतं त्यांनी पान उलटावं, कारण ह्या कामात दुसरं फारसं काही नाही. सकाळी उठले की आधी पाय एकेक करून हळूहळू वाकवायचे, सरळ करायचे. घाई केली की अंगावर लाथ येते. मला दोनदा छातीत बसली आहे. मग पोट साफ करणं, त्याला हाताला मोजा घालून बसावं लागतं. मग अंग पुसणं आणि पुसता पुसता सगळी कातडी बघणं. मग कपडे. विजार घालताना पाय ताठ पाहिजे असतो, तेव्हा मी मांडीवर एक चापटी मारते, पाय सरळ उडतो, तेवढ्यात विजार वर. हे म्हणतात, "बघ, सलाम करतोय तुला." दुपारी दर थोड्या वेळानं कूस बदलायची किंवा खुर्चीत असतील तर ढुंगण उचलून घ्यायला सांगायचं. आणि दिवसभर नळीवर डोळा.

नळी म्हणजे लघवीची. एक टोक पोटातल्या लघवीच्या पिशवीत घातलेलं असतं, दुसरं बाहेर मांडीवरून पोटरीला बांधलेल्या पिशवीत येते. ती वाहती राहिली पाहिजे. कुठं वाकली, अंगाखाली दबली, आत गाळ अडकला, की संपलं.

एकदा झटके फार वाढले म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्यांनी आधीच सांगितलं होतं की माणूस ढिला पडेल, बघून कळवा. तसंच झालं. झटके थांबले, पण हे भिजल्या पोत्यासारखे. खुर्चीत बसवलं की घसरायचे, दिवसभर पेंगायचे. तेव्हा मला कळलं की ते ताठ होणारे पाय मला उचलताना निम्मा भार घेत होते. आम्ही डॉक्टरांना जाऊन सांगितलं, त्यांनी गोळी कमी केली, पाय परत उडायला लागले. हे म्हणाले, आले बाबा घरी.

लोकांबद्दल थोडं लिहिते, कारण ह्या धंद्यात गिऱ्हाईक नसलं तरी येणारे-जाणारे असतात. एक जण कसल्यातरी पाल्याचं तेल घेऊन आला आणि पाय उडाला तसं म्हणाला, बघा, लावायच्या आधीच गुण. ह्यांच्या मावसभावानं फोनवर पायाचा व्हिडिओ काढला आणि सगळ्या भावकीला पाठवला. एक बाई दर संक्रांतीला येऊन वाणाबरोबर म्हणायची, काय गं नशीब तुझं. मी एकदा तिला सांगितलं की माझा नवरा कुठं आहे हे मला कोणत्याही वेळी ठाऊक असतं, तुझा कुठं आहे आत्ता? ती परत आली नाही. वाण गेलं, पण चालतं.

आमचं दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून. हे बाहेर निघायचे नाहीत. खुर्ची होती, रस्ता होता, कोपऱ्यावर चहाची टपरी होती, जुने दोस्त होते. पण त्या पिशवीची लाज. म्हणायचे, मुताची पिशवी घेऊन काय मिरवत जायचं. मी म्हणायचे, सगळेच घेऊन फिरतात, तुमची फक्त बाहेरून आहे. उपयोग नाही. कित्येक वर्षं हा माणूस दवाखान्याशिवाय उंबऱ्याबाहेर गेला नाही.

मग मनीचं लग्न ठरलं. कचरू म्हणाला, दादा, तू घरीच थांब, आम्ही दोघं नवरा-बायको कन्यादान करतो, लई लोकांत तुला त्रास होईल. चांगल्या मनानंच म्हणाला. ह्यांनी मनीकडं बघितलं. मनी उठून आत गेली. तेव्हा हे म्हणाले, "माझ्या पोरीचं कन्यादान मी करीन. नायतर काहून जगलो मी?"

एवढंच त्या दिवशी पणाला होतं. माणसानं एकदा चारचौघांत जाऊन आपल्या लेकीचा हात द्यायचा आणि धडपणानं घरी यायचं. मला ठाऊक होतं, त्या दिवशी काही वाकडं झालं तर हे पुन्हा कधी दाराबाहेर पडणार नाहीत.

म्हणून फरीनला मी लग्नाच्या आधी बोलावून घेतलं. तिनं मला जुना धडा परत म्हणायला लावला. तोंड लाल, डोकं दुखतं, वरच्या अंगाला घाम, म्हणजे खाली काहीतरी तुंबलंय आणि रक्तदाब वर चढतोय. झोपवलं तर अजून चढतो, डोक्यातली शीर फुटते. म्हणून बसवा, सैल करा, नळी बघा. बसवा, सैल करा, नळी बघा. चौथीपर्यंत पाढे पाठ केले होते, तसं हेही पाठ होतं.

आता मांडवात या.

बसलेले होतेच. मी खुर्चीच्या पाय ठेवायच्या पायट्या बाजूला सारून ह्यांचे पाय खाली सोडले. मग सैल करायचं. आधी फेटा काढला. मुलीच्या बापाचा फेटा मांडवात उतरवला म्हणून बायकांतून सुस्कारा निघाला. सदऱ्याची बटणं तोडली. विजारीची नाडी ओढली. ह्यांचं तोंड अजून लालच, डोळे तांबारलेले, दात आवळलेले. मग पोटरीला हात घातला, नळी बघायला.

पिशवी नव्हती.

सकाळी मी माझ्या हातानं बांधलेली पिशवी पोटरीला नव्हती. मला आधी खरंच वाटेना. मी दुसरी पोटरी चाचपली, तिथं कशाला असेल.

"पिशवी कुठंय?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मग माझ्या ध्यानात आलं की मिटायच्या आधी त्यांनी माझ्या मागं बघितलं होतं. मागं माझी मोठी नणंद उभी होती. तिला सगळे आक्का म्हणायचे. खुलताबादकडं दिलेली, शेतीवाडी बघणारी, करडी बाई. लहानपणी आई शेतात गेली की ह्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं तिनं. ह्यांच्या दुखण्यात महिनोन् महिने माझ्या घरी राहून तिला राबताना मी बघितलं आहे. ती स्वतःच्या पायांकडं बघत होती.

"आक्का," मी म्हणाले.

"नळी बांधलीय," ती हळूच म्हणाली. "घटकाभरासाठीच बांधली होती गं, माय."

नंतर कळलं ते असं. सकाळी मी व्याह्यांकडच्या बायकांना हळदकुंकू लावत होते, तेव्हा खोलीत बहीणभावाचं बोलणं झालं. नवरदेव म्हणजे त्या दिवशी विष्णू. त्याचे पाय धुवायचे, हातावर पाणी सोडायचं, आणि पोटरीला मुताची पिशवी? आक्काला ते पाप वाटलं. ह्यांना आधीपासून लाज वाटतच होती. दोघांचं जमलं. ह्यांनी स्वतःच पिशवी काढून खोलीतल्या पाण्याच्या पिंपामागं ठेवली. नळी मोडून दुमडली आणि वर काळा करदोटा आवळून बांधला. विधी घटकाभराचा, झाला की सोडू. आणि त्यात वाईट काय होतं, त्यांना काय ठाऊक? घटकाभरच असता तर कदाचित निभावलंही असतं. पण वरात कार्यालयाच्या दारात आली आणि पोरं नाचायला लागली. एक गाणं, दुसरं गाणं, नवरदेवाच्या मामाला घोड्यावर बसून नाचायचं होतं. मुहूर्त टळला, दुसरा धरला. तोवर आत हे गपचूप बसलेले, आल्यागेल्याबरोबर चहा घेत. लघवी तुंबलेली ह्यांना कळत नाही. पायांना कळलं होतं. सकाळपासून उडत होते. पण कचरूनं ते विजारीवर शेला टाकून झाकले होते, आणि लग्नाच्या गडबडीत मला वाटलं, लोकांच्या धक्क्यानं उडत असतील.

गाठ सुटेना. करदोट्याची गाठ आक्काच्या हातची, ती लेकरांच्या कमरेला जन्मभर टिकावी अशी मारायची शिकलेली. भटजींच्या ताटात अडकित्ता होता, पण त्यानं नळी कापली गेली तर पुढचं अवघड. मी ह्यांच्या मांडीत डोकं घातलं, दातानं गाठ धरली आणि तोडली. पाचशे माणसांसमोर. कुणी काय म्हणालं मला ऐकू आलं नाही.

आता खाली धरायला काही पाहिजे. पिशवी पिंपामागं. जवळ हाताला लागली ती परात, बायकांतून कुणीतरी माघारी आणून ठेवलेली. पाय धुवायची, तांब्याची, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. तीच खाली धरली आणि नळी सोडली.

तेव्हा मला पाठीमागून एक आवाज आला. "चला, मागं सरका. दारातली गर्दी कमी करा. मागं लई जागा हाय." आमचे व्याही एसटीत कंडक्टर होते, उभं आयुष्य गर्दी ढकलण्यात गेलेलं. त्यांनी अंगावरचा शेला काढला, एक टोक स्वतः धरलं, दुसरं नवरदेवाच्या हातात दिलं आणि आमच्याभोवती आडोसा केला. बापलेक पाठ करून उभे राहिले. लग्नातला अंतरपाट मी पुष्कळ वेळा बघितला आहे. त्या दिवशी दुसऱ्यांदा धरलेला तेवढा बघितला.

एकदम सगळं सोडायचं नसतं, तेही शिकवलेलं होतं. थोडं सोडायचं, नळी चिमटीत धरायची, थांबायचं, परत सोडायचं. परात भरत आली. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधी कानाच्या पाळ्या उतरल्या. मग गाल. घाम थांबला. पाय एकदा थरथरले आणि सैल पडले, जसं रडून रडून लेकरू निजतं.

ह्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "मनीची आई, फेटा कुठंय?"

मी म्हणाले, "आधी श्वास घ्या. फेटा पळून चाललाय का?"

भटजी आडोशाबाहेरून म्हणाले की लग्न लागलेलं आहे, कन्यादानाला थोडा उशीर झाला तरी चालतो, मात्र दुसरी परात लागेल. ह्यावर व्याही हसले आणि मग सगळे हसायला लागले. हे सुद्धा.

आक्कानं जागा सांगितली आणि कचरू खोलीतून पिशवी घेऊन आला. मी ती जोडली आणि पोटरीला बांधायला गेले, तर आक्का पुढं आली. तिनं ती माझ्या हातातून घेतली. इतक्या वर्षांत तिनं ह्यांचं सगळं केलं, पण त्या पिशवीला हात लावला नव्हता. तिनं ती खुर्चीच्या बाजूच्या आकड्याला अडकवली. बाहेरून, दिसेल अशी. वरून शेलाही टाकला नाही. मग जाऊन हात धुवून आली आणि माझ्या पाठीशी उभी राहिली.

कन्यादान झालं. ह्यांनी खुर्चीतून वाकून जावयाचे पाय धुतले. मधेच उजवा पाय उडाला. हे म्हणाले, "जावईबापू, लाथ लागली तर माफी असावी, ती माझी नाय." मग मनीचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यावरून मी पाण्याची धार धरली. पाणी मी धरलं खरं, पण माझा डोळा पिशवीवर होता, वाहते का नाही वाहते. फोटोत सगळे मनीकडं बघतात, मी तेवढी खाली बघते आहे. आता मनी तो फोटो दाखवते तेव्हा मला वाईट वाटतं. एक क्षण वर बघायला हवं होतं. पण तसं म्हटलं तर माझं सगळं आयुष्यच असं गेलं, खाली बघत.

पंगत उठायच्या आत ह्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्तदाब उतरणीला लागलेला होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि सांगितलं की डोक्यातली शीर फुटायला फार वेळ उरला नव्हता. फरीनचा फोन आला. आधी तिनं मला रागावलं, मग ह्यांना, मग म्हणाली आक्काको फोन दो. आक्काला मराठीत काय बोलली मला ठाऊक नाही. आक्का नुसती व्हय व्हय म्हणत होती.

ती परात कार्यालयाची होती. मी घासून परत द्यायला गेले, ते घेईनात. आता मोरीत असते. तिला ह्यांनी नाव ठेवलंय, कन्यादानाची.

पुढं काय झालं ते थोडक्यात. लग्नानंतर पंधरवड्यानं हे सकाळी म्हणाले, टपरीवर सोड मला. मी खुर्ची ढकलत नेलं. पिशवी बाजूला लटकत होती. कुणी विचारलं तर म्हणाले, पेट्रोलची टाकी आहे. त्यानंतर रोज जातात. आता माझे खांदे गेले आहेत, म्हणून उचलायला सकाळी एक माणूस येतो. झटके येतातच. थंडीत जास्त येतात, ताप आला की जास्त येतात. आताशा मी नुसता गादीचा आवाज ऐकून सांगते, रोजचा आहे की काही सांगतोय.

त्या आडोशाच्या आतबाहेर जे होते त्यांतले बरेच आता नाहीत. भटजी आधी गेले. व्याही मागच्या हिवाळ्यात झोपेतच गेले, चांगले चालते-फिरते होते. आक्काला अर्धांगवायू झाला, शेवटचे महिने माझ्याच घरी होती. तिचं पण मी केलं आणि तिची पिशवी पण मीच बांधली. ती गेली.

हे आहेत. मी आहे.